कोनाड्यासमोरची खुर्ची

"सही कर, तनुजा. चार ओळी आहेत. वाचून काय करणार?"

रणजीतने कागद कंट्रोलच्या खोलीतल्या टेबलावर ठेवला आणि त्यावर पेन आडवं ठेवलं. कागद उडण्याची भीती नव्हती, त्या खोलीत वारा शिरतच नाही. सही विसरायला जागा राहू नये म्हणून ठेवलं होतं.

तनुजाने चारही ओळी वाचल्या. 'मी एक्स-रे तंत्रज्ञ लिहून देते की, गेल्या तिमाहीत माझा बॅज माझ्याच निष्काळजीपणामुळे एक्स-रेच्या खोलीतल्या खुंटीवर राहून गेला. त्यामुळे त्यावर आलेला आकडा माझ्या अंगावर पडलेल्या किरणांचा नाही.'

"राहून गेला नव्हता, दादा."

"मला माहितीये की! पण कागदाला कुठं माहितीये?" रणजीत हसला. थोरला दीर. तो नेहमी हसूनच बोलायचा आणि ते हसणं संपेपर्यंत समोरच्याचं काम झालेलं असायचं. "गुरुवारी तो तपासणीवाला श्रीपाद न्यायला येईल. तोवर कर. घाई नाही."

बाहेर बाकावर एकोणीस माणसं आपापल्या चिठ्ठ्या घेऊन बसली होती. तनुजाने कागद ड्रॉवरमध्ये सारला आणि पुढचं नाव पुकारलं.

ती या खुर्चीत कशी आली ते आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर वाचणारा म्हणेल, एवढं आहे तर बाईने सोडून का नाही दिलं.

कुरुळीच्या शिवारात हायवेला लागून सोपानरावांची जमीन होती. आज जिथं एक्स-रेचं टेबल आहे तिथं कांद्याची चाळ होती आणि बांधावर बाभळीखाली म्हसोबा. सोपानराव गेले, जमिनीवर शेड उठल्या, आणि रणजीतच्या डोक्यात आलं की चाकणच्या कंपन्यांना नव्या माणसाचा एक्स-रे लागतोच, मग तो आपणच का काढू नये? बापाच्या नावाने सेंटर निघालं. मशीन आलं, परवान्याचे कागद आले, आणि कागदात लिहिलं होतं की मशीन चालवायला शिकलेला तंत्रज्ञ हवा. पहिला दोन महिन्यांत गेला. दुसरा दिवाळीनंतर आलाच नाही. तिसऱ्याने दुसरी नोकरी पक्की केल्याचा फोन याच खोलीत बसून केला.

तेव्हा रणजीतने धाकट्या ओंकारसाठी मुलगी पाहायला घेतली. अट एकच. मुलगी एक्स-रेचा डिप्लोमा झालेली हवी. "नोकर पळतो राव, सून पळत नाही," असं तो हळदीच्या मांडवात चारचौघांत बोलला आणि लोक हसले. तनुजाचे वडीलही हसले. चिंचवडच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर म्हणून राबलेला माणूस. लेकीला घरचं मशीन मिळालं याचं त्यांना कोण कौतुक.

त्याला अकरा वर्षं झाली. सकाळी आठ ते रात्री आठ, मध्ये जेवायला मागच्याच अंगणात घर. माहेरी जायचं म्हणजे मशीन बंद ठेवायचं, आणि मशीन बंद ठेवायचं म्हणजे दादांना विचारायचं. दादा कधीच नाही म्हणायचे नाहीत. "जा की! फक्त बुधवारी कंपनीची पंचवीस माणसं आहेत, तेवढं उरकून जा," म्हणायचे. बुधवार दर आठवड्याला येतो.

कंट्रोलची खोली सहा फूट बाय चार. समोर भिंत, भिंतीत शिसं मिसळलेल्या काचेची छोटी खिडकी. खिडकीतून पलीकडचा रोगी दिसतो. रोगी तरी कसला, धडधाकट तरणी पोरंच असतात सगळी, लातूर-नांदेडकडची, बिहारची. तनुजा माइकवर सांगते, "श्वास घ्या. धरून ठेवा." बटण दाबते. "सोडा." ते 'धरून ठेवा' म्हणताना तीही श्वास धरते. कधीपासूनची सवय कुणास ठाऊक. दिवसाला शंभर वेळा.

आता थोडं शास्त्र. घाबरायचं कारण नाही, बारावीच्या पलीकडचं नाही.

एक्स-रे म्हणजे ऊर्जेचे बारीक बारीक कण, फोटॉन. ते शरीरात घुसले की त्यांचं तीनपैकी एक काहीतरी होतं. काही कशालाही न धडकता आरपार जातात, तिथं फोटो काळा येतो. काही अणूच्या अगदी आतल्या इलेक्ट्रॉनला धडकतात, स्वतःजवळचं सगळं त्याला देऊन टाकतात आणि तिथंच संपतात. हाडात कॅल्शियम असतं, मांसापेक्षा वजनदार, म्हणून हाडात हे जास्त घडतं आणि हाड पांढरं दिसतं. अणू जितका जड तितकं हे जिरणं भराभर वाढतं. अणुक्रमांक दुप्पट झाला तर जिरणं साधारण आठपट. शिशाचा एप्रन घालतात तो याचसाठी, आणि खोलीच्या भिंतीला बेरियमचा गिलावा देतात तोही याचसाठी.

तिसरे जे असतात ते त्रासदायक. ते बाहेरच्या सैल इलेक्ट्रॉनला धडकतात, थोडी ऊर्जा तिथं टाकतात आणि उरलेली घेऊन भलत्याच दिशेला जातात. त्यांच्यामुळे फोटो धुरकटतो. ते रोग्याच्या अंगातून चहूकडे फेकले जातात, भिंतीकडे, दाराकडे, बटण दाबणाऱ्याकडे. छातीच्या फोटोला हे थोडे असतात, कारण छातीत हवाच फार. कंबरेच्या फोटोला मात्र किरणांचा मारा कितीतरी पटींनी मोठा लागतो, आणि मग विखुरणारेही तसेच. गेल्या वर्षी एका कंत्राटदाराने खोकी उचलणाऱ्या प्रत्येक माणसाच्या कंबरेचा फोटो मागायला सुरुवात केली होती. दिवसाला तीस-तीस कंबरा, त्याही आडव्या झोपवून बाजूने.

शास्त्र संपलं. आता म्हसोबा.

सेंटर बांधताना बांधावरचा म्हसोबा उचलावा लागला. नारळाएवढा दगड, पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदराचा त्यावर बोटभर जाड थर. सासूबाई शालनबाई अडून बसल्या. "त्येच्या जाग्यावर मशीन बसवताय, त्येला कुटं टाकणार? जागा सोडायचा न्हाई त्यो." लग्नानंतरच्या दुसऱ्या खंडेनवमीला, मशीनची पूजा करताना त्यांना जागा सापडली. कंट्रोलच्या खोलीत, खिडकीच्या खाली, तनुजाच्या खुर्चीसमोर. आधीच्या तपासणीवाल्यांनी भिंत पास करून महिना झाला होता. गवंड्याने छिन्नीने बेरियमचा गिलावा फोडला, वीट कोरली, आणि बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीवर एक छान कमानदार कोनाडा केला. मागे दोन-तीन इंच वीट राहिली असेल.

तनुजा तेव्हा बोलली होती. सासूला आत्या म्हणायची त्या घरची रीत. "आत्या, या भिंतीत नको. पलीकडून किरणं येतात."

"देवाच्या पाठीमागनं काय येतंय, गं?" शालनबाई म्हणाल्या, आणि म्हसोबाला हळद-कुंकू वाहिलं.

दोन वर्षं लग्नाला झालेली सून यापुढे काय बोलणार? पुढं दर दोन वर्षांनी मशीन तपासायला माणूस यायचा. मीटर घेऊन दाराशी फिरायचा, काचेपाशी धरायचा, कोनाड्यापाशी आला की मीटर खाली ठेवून नमस्कार करायचा आणि पुढं जायचा. देवाकडे मीटर कोण रोखणार?

आणि बॅज? एक्स-रेचं काम करणाऱ्याने छातीवर लावायचा तो एक छोटा चपटा डबा असतो. अंगावर किती किरण पडले ते त्याच्या आतल्या चकत्या साठवून ठेवतात. तीन महिन्यांनी तो प्रयोगशाळेत जातो आणि आकडा येतो. तनुजाचा आकडा अकरा वर्षं शून्य होता. कारण बॅज रणजीतच्या केबिनच्या ड्रॉवरमध्ये असायचा. "हरवला तर पुन्हा पत्रव्यवहार कोण करणार?" म्हणून जपून ठेवलेला.

या वेळी तपासणीला नवा पोरगेलासा माणूस आला, श्रीपाद. त्याने मशीन पाहिलं, काचेपाशी मीटर धरला, म्हसोबाला हात जोडले आणि जाता जाता तनुजाकडे पाहिलं. "मॅडम, बॅज?"

"ड्रॉवरमध्ये."

"मग शून्य ड्रॉवरचं आहे," तो म्हणाला. "तुमचं किती ते कुणालाच माहीत नाही."

एवढंच बोलून तो गेला. तनुजाला रात्रभर नव्हे, पण भाकरी थापताना दोन दिवस तेच आठवत होतं. तिसऱ्या दिवशी तिने रणजीतच्या केबिनमधून बॅज काढला आणि ड्रेसवर लावला. रणजीतच्या लक्षातही आलं नाही. बायकांच्या छातीवर ओळखपत्रं असतातच. तिमाही संपल्यावर तिने तो गुपचूप ड्रॉवरमध्ये परत ठेवला, आणि रणजीतने नेहमीसारखा पाठवून दिला.

दोन महिन्यांनी पत्र आलं. आकडा दोन पूर्णांक सहा मिलिसीव्हर्ट, अंगावर पडलेल्या किरणांचं ते माप.

हा काही मरणाचा आकडा नाही. मर्यादेच्या आतला आहे. पण अकरा वर्षांच्या शून्यानंतर एकदम दोन पूर्णांक सहा आला की विचारणारे विचारतातच. बॅज खरोखर अंगावर होता का? असल्यास भिंत तपासा, तोवर मशीन बंद. नसल्यास तसं लेखी द्या, आकडा तुमच्या नावावरून काढून टाकू.

बॅज अंगावरच होता हे तनुजाने रणजीतला सांगितलं, आणि म्हणून तो चार ओळींचा कागद.

ओंकार पहिल्या शिफ्टहून तीनला घरी यायचा. तनुजाने जेवण वाढताना त्याला कागद दाखवला. त्याने वाचला, पाठपोट वाचला, मागे काहीच नव्हतं तरी.

"दादा बघतील की."

"दादांनीच आणलाय कागद."

"मग कर." भात कालवत तो म्हणाला, "तुला काही होतंय का? दुखतंय-बिखतंय?"

"नाही."

"मग?"

तिने त्याला आणखी भात वाढला. ओंकार वाईट माणूस नाही. तो दिवसभर लाइनवर एकाच ठिकाणी उभा राहून एकच बोल्ट बसवतो. माणसाने एका जागी राहणं त्याला खटकत नाही.

पण तनुजाला आधी स्वतःला कळून घ्यायचं होतं. दोन पूर्णांक सहा आले कुठून? सोमवारी तिने तीन कॅसेट घेतल्या. कॅसेट म्हणजे ज्यावर फोटो उमटतो ती प्लेट असलेला चपटा डबा. एक दाराच्या आतून टेकवली, एक काचेला चिकटवली आणि तिसरी कोनाड्याच्या तोंडावर पडद्यासारखी लावली. सत्तावीस कंबरा झाल्या. संध्याकाळी एकेक कॅसेट यंत्रात सरकवली.

दाराची पांढरी, कोरी. काचेची कोरी. तिसरी सरकवली, आणि पडद्यावर काळाभोर चौकोन उतरला. त्या काळ्यात मधोमध, कडा थोड्या पुसट, एक पांढराशुभ्र गोल उभा होता. खाली रुंद, वर निमुळता.

म्हसोबा.

तनुजा खुर्चीत मागे टेकली. तिला पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. सगळं समोर होतं. कोनाड्याच्या पाठच्या पातळ विटेतून किरण येत होते. दगडाने अडवले तेवढे अडले. वर शेंदूर, आणि जुन्या शेंदरात शिसंच असतं, तेव्हा दगडाच्या कडेलाही ते जिरत होते. पण दगड कोनाडा भरून नव्हता. त्याच्या दोन्ही बाजूंनी, वरून, जे येत होतं ते सरळ समोरच्या खुर्चीत. यापेक्षा धडधडीत पुरावा कोणता हवा?

तिने फिल्मवर छापून घेतलं. ती वळते न वळते तोच शालनबाई सांजवात घेऊन आत आल्या. दिव्याच्या पेटीवर लावलेली फिल्म त्यांनी पाहिली. निरांजन हातात तसंच राहिलं.

"ह्ये काय?"

"आत्या, ऐका. हे किरणांमुळे..."

"म्हसोबा हाय ह्यो." त्यांनी निरांजन खाली ठेवलं आणि त्या चक्क जमिनीला डोकं टेकवून उठल्या. "रणजीत! ए रणजीत! आरं पळ लवकर! देवानं दर्शन दिलंय मशीनमधी!"

झालं. पुराव्याचं दर्शन व्हायला पाच मिनिटं लागली.

मंगळवारी ती फिल्म फ्रेममध्ये होती, बुधवारी फ्रेमला हार होता. गावातल्या रुक्मिणीबाई, विमलबाई चार बायकांना घेऊन येऊन गेल्या. बाकावरची पोरं कंबरेचा फोटो काढायच्या आधी फ्रेमला हात लावून मग टेबलावर झोपायला लागली. एका नांदेडच्या पोराने विचारलंही, "ताई, ह्या देवाला बोललं तर मेडिकलमधी पास होतंय का?"

"श्वास धर नीट, म्हणजे होशील," तनुजा म्हणाली.

रणजीत तर खुशीत होता. मशीनने काढलेला देवाचा फोटो, असं दुसऱ्या कुठल्या सेंटरला आहे? "बघ," तो म्हणाला, "नऊ वर्षं देव तुझ्या पुढ्यात ढाल होऊन बसलाय आणि तू म्हणतेस भिंत फोडा. आता तर कोनाड्याला हात लावायची कुणाची छाती होणार नाही. सही झाली का?"

आजवर तनुजाला वाटायचं, आपण बोललो नाही म्हणून हे चाललंय. दाखवून दिलं की संपेल. तिने दाखवलं होतं, आणि दाखवलेलंच आता हार घालून तिच्या डोक्यावर टांगलेलं होतं.

बुधवारी अमावास्या होती. अमावास्येला शालनबाई म्हसोबाला उचलून गच्चीवर नेत, आंघोळ घालत, शेंदूर-तेलाचा नवा हात देत आणि वाळेपर्यंत उन्हात ठेवत. कोनाडा दिवसभर रिकामा. तनुजा स्वयंपाकघरात गेली, पाट्यावरचा दगडी वरवंटा घेतला, कोनाड्यात उभा केला, आणि तोंडावर कॅसेट लावली. एकोणतीस कंबरा.

चारच्या चहाला ती फिल्म घेऊन गच्चीवर गेली. शालनबाई म्हसोबाशेजारी पाय पसरून बसल्या होत्या, बोटं लाल.

"आत्या, हे बघा."

त्यांनी फिल्म उन्हात धरली. काळ्यात पांढरं, लांबट, उभं. कपाळाला लावायला फिल्म वर नेली आणि मध्येच थांबल्या. चाळीस वर्षं त्या वरवंट्याने मिरच्या वाटलेली बाई.

"ह्यो तर आपला वरवंटा हाय."

"हो."

"त्याच जाग्यावर?"

"त्याच. त्या कोनाड्यात तुम्ही तांब्या ठेवा, तांब्या दिसेल. मला बसवा, माझी हाडं दिसतील."

शेजारच्या कौलावर कावळा ओरडला, त्याला शालनबाई हाड म्हणाल्या. मग त्यांनी फिल्मवर वरवंट्याभोवती बोट फिरवलं.

"म्हंजी पाटाच्या पाण्यागत हाय ह्ये. पाटात धोंडा टाकला तर धोंड्याम्होरं कोरडं ऱ्हातंय, पर पाणी काय थांबत न्हाई. दोनी अंगानं जातंय." त्यांनी मान वर केली. "आन ह्ये काळं हाय त्ये समदं तुझ्या अंगावर आलेलं?"

"व्हय, आत्या." तिला नकळत त्यांचाच शब्द आला.

"किती वरसं?"

"कोनाडा केल्यापासून. कंबरेचं काम सुरू झाल्यापासून जास्त."

म्हातारी बाई अडाणी नव्हती. अडाणी असती तर बरं झालं असतं. त्यांनी ती फिल्म हळूच खाली ठेवली, वरती शेंदराची वाटी ठेवली, उडू नये म्हणून.

"समजलं मला," त्या म्हणाल्या. "पर तू सही कर, पोरी."

"आत्या?"

"मशीनला टाळं लागलं तर गावात काय त्वांड दाखवंल त्यो? ल्योक हाय माझा." मग, आवाज खाली आणून, अगदी मायेनं, "आन तू तरी कुटं जाणार हाईस?"

तनुजाने शेंदराची वाटी बाजूला केली आणि फिल्म उचलून खाली गेली.

गुरुवारी अकरा वाजता श्रीपाद आला. रणजीतने चहा मागवला. "तनुजा, आण तो कागद."

तिने कागद आणला. चार छापील ओळींवर एक सरळ तिरकी रेघ होती. खाली तिच्या अक्षरात एक वाक्य: 'बॅज माझ्या अंगावर होता.' खाली सही, तारीख. सोबत दोन फिल्म, देवाची फ्रेममधून काढून आणलेली आणि वरवंट्याची.

रणजीत हसायला लागला, पण या वेळी ते पुरलं नाही. "अरे श्रीपादभाऊ, घरातली बाब आहे, जरा गैरसमज..."

श्रीपादने दोन्ही फिल्म खिडकीकडे धरून पाहिल्या. तो उठला, कंट्रोलच्या खोलीत गेला, कोनाड्यासमोर उभा राहिला. त्याचा हात सवयीने जोडायला वर गेला होता. तो त्याने खाली घेतला आणि मीटर बाहेर काढला.

"मॅडम," तो जाताना खालच्या आवाजात म्हणाला, "मीही नमस्कार करून पुढं गेलो होतो."

"सगळेच जातात," तनुजा म्हणाली.

मशीन बंद झालं. भिंत होऊन पुन्हा तपासेपर्यंत. घरात कुणी आदळआपट केली नाही. रणजीत तिच्याशी बोलायचा बंद झाला एवढंच, आणि ओंकार दोघांशीही कमी बोलू लागला. अकरा वर्षांत पहिल्यांदा तनुजाच्या हातात रिकामी सकाळ आली. तिसऱ्या सकाळी तिने डिप्लोम्याचे कागद पिशवीत घातले, "माहेरी जाऊन येते," म्हणाली आणि रहाटणीला गेली.

रहाटणीच्या एका मोठ्या दवाखान्यात तिची वर्गातली मैत्रीण प्राजक्ता होती. एक जागा रिकामी होती. आठ तासांची ड्यूटी, आठवड्याला सुट्टी, खोलीला खिडकी. खरी, झाड दिसणारी खिडकी. तनुजाने ती पाहून घेतली. तिथल्या प्रमुख बाईंनी कागद चाळले.

"अनुभव उत्तम आहे. आधीच्या ठिकाणची बॅजची नोंद?"

तनुजाने दिली. अकरा वर्षं शून्य. शेवटच्या ओळीत दोन पूर्णांक सहा, पुढं शेरा: चौकशी सुरू.

"हे मिटल्याचं पत्र आणा," बाई म्हणाल्या. वाईट वाटून म्हणाल्या, तेही दिसत होतं. "त्याशिवाय आमच्याकडचा बॅज तुमच्या नावाने काढता येत नाही. किती दिवस लागतील?"

तिला माहीत नव्हतं. प्राजक्ता म्हणाली, "सही केली असतीस तर आज शून्य असतं गं, आणि तू इथं असतीस." तनुजाने तिच्याकडे पाहिलं. एवढं सोपं गणित तिला सुचलंच नव्हतं. खोट्या शून्याने दार उघडलं असतं.

बाहेर रस्त्यावर फोन वाजला. शालनबाई.

"गवंडी आलाय. त्ये बेरियम का काय, त्ये किती टाकायचं इचारतोय. रणजीत म्हनतोय, टाक की अंदाजानं. त्यो कमीच टाकंल बघ. येतीस?"

तनुजा रस्त्याच्या कडेला उभी होती. समोरून काळेवाडीची बस गेली, चिंचवडची रिक्षा विचारून गेली. गवंडी कमीच टाकणार, हे तिलाही माहीत होतं. अंदाजाने दिलेला गिलावा, मग पास झालेली भिंत, आणि त्या भिंतीसमोरच्या खुर्चीत बसलेली कुणीही बाई, कुणीही पोरगी. "येते, आत्या," ती म्हणाली. "मी येईपर्यंत एक थापी लावू देऊ नका."

कोनाडा रिकामा झाला होता. म्हसोबा आता फाटकापाशी, लिंबाखाली, चौथऱ्यावर. शालनबाईंनीच हलवला, कुणाला न विचारता. तनुजा दोन दिवस गवंड्याच्या डोक्यावर उभी राहिली. विटा सांधून घेतल्या, बेरियमचं माप स्वतः ओतलं, एक थर वाळल्यावर दुसरा.

"बाई, बंकर बांधताय व्हय?" गवंडी वैतागला. "आतला माणूस बाहेर यायचा न्हाई अशानं."

"अजून अर्धा इंच," तनुजा म्हणाली.

अकराव्या दिवशी श्रीपादने मीटर फिरवला. दार, काच, भिंत. काटा हलला नाही. मशीन चालू झालं. बाकावर त्याच दिवशी चौतीस माणसं होती.

चौकशी मिटल्याचं पत्र दोन महिन्यांनी आलं. आकडा खरा धरला होता, दोष भिंतीचा. तोवर रहाटणीची जागा भरली होती. प्राजक्ताने पुन्हा जागा निघाली तर कळवते म्हटलं आणि खरंच कळवणार होती, पण आता घरात कुणाला काय सांगायचं? भिंत वाईट होती तोवर जायला कारण होतं. आता भिंत कुरुळीतच नव्हे, चाकणच्या अख्ख्या पट्ट्यात सगळ्यांत चांगली होती, आणि तिनेच केली होती.

नव्या तिमाहीचा आकडा रणजीतने स्वतः आणून टेबलावर ठेवला. तो पुन्हा हसून बोलायला लागला होता.

"बघ, आलं ना परत शून्य? उगाच केवढा घोळ घातलास. आता तरी तक्रार नाही ना काही?"

तनुजाने कागद पाहिला. बॅज तिच्या ड्रेसवर होता, तीन महिने एक दिवस न चुकता.

"नाही, दादा," ती म्हणाली. "हे शून्य माझं आहे."

"म्हणजे?"

"काही नाही. बुधवारची यादी द्या."

तो गेला. समोरच्या भिंतीवर, खिडकीखाली, जुन्या गिलाव्यात नव्या गिलाव्याची कमान अजून वेगळ्या रंगाची दिसत होती. रंगारी येईल तेव्हा तीही जाईल. काचेपलीकडे एक सडपातळ पोरगा कुशीवर झोपला होता, गुडघे पोटाशी घेऊन, सांगितलं तसा.

तिने माइक ओढला.

"श्वास घ्या," ती म्हणाली, आणि तिनेही घेतला. "धरून ठेवा."